थोडी धाप लागू द्या, ताई

पत्र : माझं वय ४८. हुडकेश्वर रोडला राहते, घर दुमजली. मागच्या महिन्यात मुलीसोबत बर्डीवर खरेदीला गेले होते. परतताना मेट्रो स्टेशनच्या लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून जिन्याने निघालो, तर अर्ध्यातच मला कठडा धरून थांबावं लागलं. छातीत दुखलं नाही, पण धाप अशी लागली की दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. मुलगी घाबरली, डॉक्टरांकडे घेऊन गेली. ईसीजी नॉर्मल आला, बीपी १३८/८८ निघालं, वजन ७१ किलो. ‘व्यायाम करा’ म्हणाले. कोणता, किती, ते काही सांगितलं नाही. सासूबाई म्हणतात, दिवसभर घरात राबतेच ना तू, मग वेगळं फिरायला काहून जायचं? यजमान दर रविवारी मित्रांसोबत अंबाझरीला फिरतात, येताना तर्री पोहे खातात, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर रोजचाच. माझ्या मोठ्या भावाची गेल्या दिवाळीत, ५४व्या वर्षी, अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून जिवाला धाकधूक आहे. माझी फुफ्फुसं कमजोर झाली असतील का? टीव्हीवर पाहून कपालभाती सुरू करू का? मुलीने मनगटावर घड्याळ बांधून दिलंय, ते दहा हजार पावलं चाल म्हणतं. माझी चार हजारही होत नाहीत. आणि व्यायाम करतानाच काही झालं तर?
— एक वाचक, नागपूर

ताई, नमस्कार.

भावाच्या वयापासून सुरुवात करते. डॉक्टरांना ते सांगितलं होतं का? पत्रावरून तसं वाटत नाही. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झालेला असला, की डॉक्टर ती गोष्ट वेगळी धरतात आणि तपासण्यांचा विचारही वेगळा करतात. तुमचा भाऊ त्या रेषेच्या आत येतो. आणि ईसीजी नॉर्मल म्हणजे काय, तर पलंगावर शांत पडलेल्या असताना, त्या काही सेकंदांत हृदयाची विद्युत नोंद ठीक होती. जिन्याच्या अर्ध्यात काय होतं ते त्या कागदावर उमटत नाही. म्हणून पुन्हा एकदा जा, भावाचं सांगा, जिन्यावरचा प्रसंग जसाच्या तसा सांगा, आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट किंवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का हे त्यांना ठरवू द्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला चालवणं माझं काम, पण चालायला हिरवा कंदील त्यांनी द्यायचा.

त्याच फेरीत रक्त तपासून घ्या. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आलंच, पण माझा रोख हिमोग्लोबिनवर आहे. तुमच्या वयात पाळी जायच्या आधी काही बायकांच्या अंगावरून वर्ष-दोन वर्षं फार जातं आणि त्या कोणाला सांगत नाहीत. रक्तात हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की प्राणवायू वाहून न्यायला गाड्याच कमी पडतात, मग हृदय जास्त ठोके टाकून ती भरपाई करतं, आणि जिना आला की धाप. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. आयुष्यात एकदाही ती तपासणी झाली नसेल तर करून टाका. नुसत्या वाहक निघालात तरी घाबरायचं कारण नाही. उन्हात, तहानलेल्या अंगाने जोराचा व्यायाम करायचा नाही एवढं पथ्य. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईला नुसतं ‘रोज चाला’ सांगून पाठवलं, की ती आठवड्याभरात चालणं सोडते आणि स्वतःलाच आळशी ठरवते. असं मी पुष्कळ पाहिलंय. रक्ताचा इलाज आधी, बूट नंतर.

आता धरून चालू की तपासण्या ठीक आल्या.

तुमची फुफ्फुसं कमजोर नसावीत. खोकला, छातीत घरघर, रात्री श्वास अडकून जाग येणं यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. (असेल, तर डॉक्टरांना सांगून स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोराने फुंकायची साधी चाचणी असते. आणि खोकला दोन आठवड्यांवर रेंगाळला असेल तर थुंकीची टीबीची तपासणीसुद्धा.) निरोगी माणसाच्या फुफ्फुसांत रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता राखून ठेवलेली असते. जिना चढताना पहिल्यांदा ती संपत नाही. संपतं ते पुढचं. बसल्या जागी आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं; भराभर चढताना शरीर त्याच्या तिप्पट-चौपट मागू शकतं. ज्याला सवय आहे त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला ठोके कमी लागतात. हापशीवर सवयीचा हात असला की थोडक्या हापश्यांत गुंड भरतो, नवख्याचा मात्र दम निघतो, तसंच. शिवाय मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू वापरात नसले, की आलेला प्राणवायू त्यांना पुरता वापरताच येत नाही. रक्तात आम्ल लवकर साठतं, मेंदूकडे निरोप जातो, आणि श्वास जोरात सुरू होतो. धाप छातीत जाणवते खरी, पण उणीव बरीचशी पायांत असते.

हे मी इतकं खोलात का सांगतेय, तर ‘फुफ्फुसं कमजोर’ असं एकदा मनाने घेतलं की माणूस श्वासाला जपायला लागतो. जिना टाळतो, भाजी ॲक्टिव्हावर आणतो, गच्चीवर कपडे वाळत घालायला मुलीला पाठवतो. न वापरलेले पाय आणखी ढिले पडतात, मग पुढच्या वेळी आणखी खालच्या पायरीवर धाप लागते. तिथे भीती वाढते. मेट्रोच्या जिन्यावर तुमचं जे झालं ते बहुधा एका दिवसात झालेलं नाही, कित्येक वर्षं जिने टाळल्यावर झालंय. त्यामुळे माझा सल्ला एका ओळीचा आहे : रोज थोडी धाप लागू द्या, पण ती तुम्ही ठरवून लावलेली असावी, तुमच्या वेळेला, तुमच्या मापाने.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यांना तसं सांगा म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. १९५३ साली लंडनमधल्या जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वरखाली तिकिटं फाडत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि ज्यांना झाला त्यांच्यातही तो कमी जीवघेणा. त्यांच्यातला कोणीही जिममध्ये जात नव्हता. रोजीरोटीसाठी रोज शेकडो पायऱ्या चढत होते, बस्स. म्हणजे कामाचे श्रम मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या सूचनांमध्ये एकावेळी सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकली. तुकड्या-तुकड्याने केलेलं सगळं धरा म्हणतात.

फक्त तुमचा दिवस त्या कंडक्टरसारखा आहे की ड्रायव्हरसारखा, ते एकदा प्रामाणिकपणे पाहा. गॅससमोर दोन तास उभं राहणं, भाजी निवडणं, पोळ्या लाटणं, मशीनमधून कपडे काढणं यात पाय दुखतात, कंबर धरते, संध्याकाळी जीव थकतो, पण श्वास वाढत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन गोष्टी वेगळ्या, आणि घरच्या बाईच्या वाट्याला बहुधा पहिलीच येते. उकिडवं बसून फरशी पुसणं, भरलेली बादली वरच्या मजल्यावर नेणं, गाद्या गच्चीवर उन्हात टाकणं ही खरी धापेची कामं. ती मोजा. नेमकी तीच आता बाईकडे, मोटरीकडे आणि मशीनकडे गेली आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातून वाचलेला वेळ तुमच्या पायांना मिळाला पाहिजे, एवढंच म्हणते.

किती? आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचं चालणं, जमलं तर हळूहळू ३०० पर्यंत, आणि त्यात दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. मध्यम दम ओळखायला घड्याळ नको. चालता चालता शेजारणीशी बोलता येतंय पण भजन म्हणता येत नाहीये, हा तुमचा वेग. भजनही सुरात निघत असेल तर पाय उचला. वाक्य पुरं करायला मधेच थांबावं लागत असेल तर सावकाश घ्या.

पहिले दोन आठवडे सकाळी दहा, संध्याकाळी दहा मिनिटं. घरातून निघा, पाच मिनिटं झाली की जिथे असाल तिथून परत फिरा. तिसऱ्या आठवड्यापासून एक खेळ करा. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाने मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांवर तो करून पाहिला आणि २००७ साली निष्कर्ष मांडले : तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस. पाच महिन्यांनी या लोकांचा दमसास, मांड्यांची ताकद आणि वरचं बीपी एकाच मध्यम चालीने चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं. तुम्ही दोन फेऱ्यांपासून सुरू करा. जोरात म्हणजे धावायचं नाही. बस सुटतेय आणि हात दाखवत आपण निघालोय, तेवढं.

कुठे? अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स छानच आहेत, पण हुडकेश्वरहून तिथे जायचं म्हणजे फिरण्यापेक्षा गाडीतच वेळ जास्त जाणार आणि चौथ्या दिवशी कंटाळा येणार. रेशीमबागचं मैदान किंवा सक्करदऱ्याचा तलाव तुम्हाला त्या मानाने जवळ. त्याहून बरं म्हणजे आपलीच गल्ली. गल्लीत दोन अडचणी येतात. एक कुत्री, दुसरी ‘कुठे चालल्या वहिनी?’ विचारणारी माणसं. कुत्र्यांसाठी हातात काठी आणि सोबत एखादी शेजारीण असू द्या. माणसांसाठीही शेजारीणच. दोघी असल्या की कोणी विचारत नाही, आणि एकीला आळस आला तर दुसरी गेटाशी येऊन हाक मारते. एकट्याने धरलेला नेम पहिल्या पावसात मोडतो.

जिना मात्र तुमच्या घरातच आहे, आणि तो सगळ्यात कामाचा. त्यावर कसं चढायचं ते नीट सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, टाच बाहेर लोंबू देऊ नका. टाच टेकली की भार पोटरीवर न राहता मांडी आणि कुल्ल्यावर जातो, ते मोठे स्नायू आहेत, त्यांना सोसतो. हात कठड्यावर फक्त टेकलेला, अंग ओढायला नाही. कमरेतून किंचित पुढे झुका. दोन पायऱ्यांना नाकाने श्वास आत, पुढच्या तीन-चार पायऱ्यांना ओठांचा चंबू करून, चहावर फुंकर घालावी तसा सावकाश बाहेर. आता स्वतःकडेच लक्ष देऊन पाहा. जिना दिसला की बहुतेक बायका नकळत श्वास कोंडतात आणि लवकर संपवायला घाई करतात. वर पोचेपर्यंत जो श्वास घ्यायचाच राहून गेला, तो सगळा एकदम मागितला जातो. मधल्या वळणावर थांबायचं ते धाप लागल्यावर नाही, लागायच्या आधी. पाच-सहा श्वास घ्या, मग पुढे. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, एवढ्याचसाठी वर जायचं. कपडे आणायला गेलात ते वेगळं. नंतर मधलं थांबणं आपोआप गळून पडतं.

स्नायूंसाठी जिमची फी भरायची गरज नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या, हातांचा आधार न घेता उठा-बसा, आठ-दहा वेळा. मग भिंतीला हात लावून उभ्यानेच दंड काढा. दोन दिवस हे, मधे एक दिवस सोडून. उठताना श्वास बाहेर. जोर लावताना श्वास कोंडला की बीपी उसळतं. गुडघे कुरकुरले तर खुर्चीवर उशी ठेवून ती थोडी उंच करा.

घड्याळाचं काय? दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता, आणि जाहिरातीतून तो जगभर गेला. पुढच्या अभ्यासांतून दिसतं की फायदा सुरुवातीलाच झपाट्याने वाढतो आणि सात-आठ हजारांनंतर वाढ मंदावते. तुमची चार हजार होत नाहीत म्हणता ना, मग तुम्ही अशा जागी आहात जिथे प्रत्येक जादा हजाराचा मोबदला सगळ्यात मोठा आहे. घड्याळात पाच हजाराचं लक्ष्य लावून घ्या मुलीकडून. महिन्याने सहा. आणि सकाळी डोळे उघडल्यावर, पलंगावरच, मनगटाची नाडी मिनिटभर मोजून वहीत लिहा. अंथरुणातली नाडी काही आठवड्यांत दोन-चार ठोक्यांनी उतरली तर हृदयाचा एकेक ठोका दमदार होतोय हे तुम्हालाच दिसेल.

कपालभातीबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. बीपी काठावर असताना, टीव्हीसमोर, शिक्षकाशिवाय, पोटाला झटके देत ती करू नका. अनुलोम-विलोम किंवा नुसतं सावकाश पोटाने श्वास घेणं, मिनिटाला सहा-सात श्वास, हे दहा मिनिटं जरूर करा. मन निवतं, बीपीलाही थोडा उतार पडतो. पण बसून केलेल्या प्राणायामाने जिना चढता येत नाही. त्याने फुफ्फुसं मोठी होतात हेही खरं नाही. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसांचा आकार कशानेच वाढत नाही, श्वासाचे स्नायू बळकट होतात आणि श्वास घ्यायची ढब सुधारते. फुगे फुगवण्याचंही तेच. प्राणायाम चालण्याच्या जोडीला ठेवा, चालण्याऐवजी नको.

आता आपल्या गावची हवा. पुण्या-मुंबईच्या लेखांत ‘पहाटे चाला’ असं बाराही महिने लिहिलेलं असतं. नागपुरात ते चालत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, आणि नवतपा लागला की रात्रीसुद्धा भिंती आग ओकतात. त्या दिवसांत सहाच्या आत निघायचं, सातच्या आत घरात यायचं. संध्याकाळचा फेरा बंद, त्याऐवजी घरातला जिना आणि खुर्ची. निघताना पाणी पिऊन निघा. थंडीत नेमकं उलटं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा थंड आणि जड असते, वारा नसतो, आणि झाडलेला पाला, कचरा, शेकोट्या, चुली यांचा धूर वर न जाता रस्त्यालगत साचून राहतो. वर आपल्या उत्तरेला कोराडी, खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेतच. धुरकं दिसत असेल तर ऊन वर येऊ द्या, आठ-साडेआठला निघा. गल्लीत कोणी पाला पेटवत असेल तर त्या बाजूने जाऊच नका. जोरात चालताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, धुरासकट.

घरातल्या हवेकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, नाही तर ठसका सगळ्या घराला. देवघरात उदबत्ती लावा पण शेजारी खिडकी उघडी असू द्या. मच्छरांची कॉइल बंद खोलीत रात्रभर जाळणं हा सरळसरळ धूर आहे, मच्छरदाणी बरी. कूलरच्या ताट्या मागच्या वर्षीच्या असतील तर यंदा बदला, ओल्या जुन्या ताट्यांवर बुरशी धरते आणि पंखा ती थेट तुमच्या तोंडावर फेकतो. टाकीतलं पाणी आठवड्याला उपसून घासून भरा. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी. काही घरांत सगळं बंद करून बसतात, मग खोलीत गारवा येत नाही, नुसती चिकचिक.

खर्रा. तुम्ही तो ओझरता लिहिलाय, मला मात्र पत्रातली तीच सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण चौकातल्या टपरीवर तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून मिळतोच. आपल्याकडे लोकांना वाटतं, धूर नाही ना, मग फुफ्फुसाला काय होणार? फुफ्फुसाचं सोडा. निकोटिन गालातून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि दिवसभर पुडी तोंडात असली की हा मार दिवसभर चालू. सुपारीने तोंड उघडणं कमी होत जातं ते वेगळं, आणि तोंडाचा कॅन्सर विदर्भाला कोणी वेगळा सांगायला नको. यजमानांना त्यांची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघायला सांगा. जात नसतील तर पुढच्याच आठवड्यात दंतवैद्याकडे. रविवारी अंबाझरीच्या पाळीवर फिरणं चांगलंच आहे, ते मोडू नका. मात्र आठवड्यातून एकदा फिरून रोजच्या खर्ऱ्याची फिटंफाट होत नाही. सोडायचं मनावर घेतलं तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे. आणि तुम्ही रोज कटकट करू नका. बायकोच्या कटकटीने खर्रा सुटलेला मी तरी पाहिला नाही. भावाला बोलू द्या त्यांच्याशी. ज्याच्या छातीत स्टेंट आहे त्याचं माणूस ऐकतो.

खाण्याबद्दल थोडकंच. तर्री पोहे महिन्यातून एकदा खा आणि मजेत खा. पोह्यांनी काही होत नाही, तर्रीवरचा लाल तवंग वर ओतून मागायचा नाही. सावजीचंही तेच. तुमचं बीपी पाहता मला तेलापेक्षा मिठाची काळजी वाटते. दिवसाला सगळं धरून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. घरोघरी उन्हाळ्यात होणारे पापड, कुरड्या, सांडगे, वरून लोणचं, यांतून ते नकळत दुप्पट होतं. वाळवण करा, पण मीठ निम्मं टाका आणि ताटात रोज नको. ज्वारीची भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी, हंगामात संत्री, रस न काढता सालं सोलून. वजन किती उतरवायचं ते मी आज सांगत नाही. आधी पाय चालू द्या.

आणि बीपी एका मोजणीवर सोडू नका. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजा. ते आकडे डॉक्टरांना नेऊन दाखवा.

व्यायाम करतानाच काही झालं तर, हा प्रश्न. सवय नसलेल्या माणसाने एक दिवस एकदम जीव तोडून श्रम केले तर धोका असतो. हळूहळू वाढवलेल्या चालण्यात तो फार थोडा, आणि न चालण्यातला धोका त्याहून पुष्कळ मोठा. तरी खुणा पाठ हव्यात. चालताना छातीवर दाब, आवळल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत वेड्यावाकड्या धडधडी : तिथेच बसायचं. बायकांमध्ये कधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ, जबडा जड होणं आणि कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असतं, आणि आपण ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून जिरं चघळत बसतो. दाब किंवा कळ दहा मिनिटं बसूनही हटली नाही, किंवा सोबत थंड घाम सुटला, तर स्कूटीवर मागे बसून दवाखान्यात जायचं नाही, १०८ लावायचा. पायांवर सूज येणं, आडवं पडलं की दम कोंडणं, ही लक्षणं दिसली तर व्यायाम थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टर. नुसती धाप, जी थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत बसते आणि महिन्यागणिक उशिरा लागते, तिला भ्यायचं नाही.

भावाचं एक राहिलं. अँजिओप्लास्टीनंतर ‘आता जपून राहा’ म्हणून घरच्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं असेल, तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कार्डियाक रिहॅबबद्दल विचारायला सांगा. देखरेखीखाली, नाडी मोजत, टप्प्याटप्प्याने व्यायाम करवून घेतात. बऱ्याच जणांना अशी काही सोय असते हेच माहीत नसतं.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. हिमोग्लोबिन किती निघालं, सकाळची नाडी किती, आणि घरच्या जिन्यावर आता मधे थांबावं लागतं की नाही, या तीन गोष्टी कळवा. त्यावरून पुढचं ठरवू.